नेनोच्या राखाडी गाड्या

परदेशी पाहुणे नेनोच्या गॅरेजात शिरले की त्यांचे चेहरे पडतात. विमानात बसल्यापासून त्यांनी मनात काय काय रंगवलेलं असतं: लाल रंगाची, उघड्या टपाची गाडी, बायकोच्या डोक्याला रेशमी रुमाल, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. आणि इथे समोर उभ्या असतात तीन पांडा, इकडे घरोघरी दिसणाऱ्या छोट्या मोटारी. तिन्ही लहान, तिन्ही जुन्या, तिन्ही राखाडी, आणि तिन्हींच्या दारांवर ओरखडे. दुसरा रंग नाही का, असं ते विचारतात. नेनो मान हलवतो. मान हलवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. बोलायचं म्हटलं की मात्र त्याच्या जिवावर येतं.

मी लोरेदाना. गॅरेजच्या बरोब्बर समोर माझा बार आहे. सकाळी कॉफी, संध्याकाळी वाइन आणि दिवसभर गावाच्या उचापती, असं सगळं मी एकाच काउंटरवरून चालवते. गावाचं नाव सांगणार नाही. अपेनाइनच्या डोंगरात अशी पुष्कळ गावं आहेत, त्यांतलं एक धरून चाला. नाव का सांगत नाही ते पुढे कळेल.

तर त्या राखाडी गाड्या. दुसरीकडे तुम्ही भाड्याची गाडी परत नेऊन दिलीत की मालक तिच्याभोवती वाकून वाकून ओरखडे शोधतो. नेनोच्या गाडीला ओरखडा पडला तर तो खूश होतो. गाडी जितकी चारचौघींसारखी दिसेल तितकी त्याला हवी असते. कारण उन्हाळ्यात पाहुणे ती नेतात हे खरं, पण धंद्याचा खरा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि गिऱ्हाईक गावातलंच. ज्यांच्या दारात स्वतःची धडधाकट गाडी उभी आहे अशी माणसं पहाटे उठून नेनोकडून गाडी भाड्याने नेतात.

का, तर ट्रफल. झाडांच्या मुळांशी, मातीखाली वाढणारं ते गाठीसारखं कवक. मातीखाली असताना वास फक्त कुत्र्याला लागतो आणि भाव ऐकून माणसाला घाम फुटतो. आमच्याकडचा पुरुष बायकोला पगार सांगेल, पाद्र्याला पाप सांगेल, पण आपली ट्रफलची जागा सख्ख्या मुलाला सांगणार नाही. आणि जागेची चुगली करते ती गाडी. गावातल्या फिओरेन्झोची हिरवी जीप एकदा एका ओकच्या राईपाशी उभी दिसली, तर दुसऱ्या दिवशी त्या राईत झाडांपेक्षा कुत्री जास्त होती. राखाडी पांडा मात्र कुणाचीही असू शकते. पिवळी पानं बघायला थांबलेल्या एखाद्या जर्मन जोडप्याचीसुद्धा.

आता, भाड्याने गाडी घ्यायची म्हणजे कारण द्यायला हवं. नेनो ते मागत नाही, पण लोकांना राहवत नाही. "क्लच गेलाय रे माझ्या गाडीचा. दाताच्या डॉक्टरकडे निघालोय." पहाटेच्या अंधारात, गमबूट घालून, कुत्रा काखेत मारून, दाताच्या डॉक्टरकडे! नेनो किल्ली पुढे करतो आणि म्हणतो, "दात सांभाळा." एवढंच. चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

गाडी परत आली की तो ती स्वतः धुतो, दुसऱ्या कुणाला पाण्याच्या नळीला हात लावू देत नाही. चाकांच्या खाचांत तांबडी माती असते, काळी असते, कधी दाराला एखाद्याच ओढ्याकाठी उगवणाऱ्या गवताची कुसळं चिकटलेली असतात. हे सगळं तो बघतो आणि धुऊन गटारात सोडून देतो. मी त्याला एकदा सरळच विचारलं होतं, "नेनो, खरं सांग. गावातल्या सगळ्यांच्या जागा तुला ठाऊक आहेत ना?"

"मला गाड्या धुता येतात," तो म्हणाला.

आणि गंमत अशी, की या माणसाला ट्रफलचा वासच सहन होत नाही. कुणी माझ्या काउंटरवर रुमाल उलगडला की नेनो कॉफी अर्धी टाकून बाहेर जातो. खरोखरच मळमळतं त्याला. पोरं मुद्दाम त्याच्या नाकाशी नेतात आणि तो पळतो.

त्याचं लग्नही या न बोलण्यापायी राहिलं. मुलगी खालच्या गावची, चांगली होती. रविवारी दोघं चौकातल्या बाकावर बसायची. ती बोलायची आणि हा ऐकायचा. हा कधीतरी आपणहून काही म्हणेल म्हणून ती बिचारी थांबून थांबून कंटाळली आणि तिने एका विमा विकणाऱ्याशी लग्न केलं. तो झोपेतही बोलतो म्हणतात. नेनो तिच्या लग्नाला गेला होता. वऱ्हाडाच्या गाड्या सगळ्या वाटभर भोंगे वाजवत गेल्या, त्यांत याची राखाडी पांडाही होती, आरशाला पांढरी फीत बांधून.

आता सेत्तिमिओचं सांगते, कारण त्याच्याशिवाय नेनोची गोष्ट पुरी होत नाही.

सेत्तिमिओ म्हणजे ट्रफलवाल्यांमधला राजा. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, जीभ मात्र ताठ. मोसम सुरू झाला की एका शुक्रवारी तो बारमध्ये यायचा, टोपी काढायचा, खिशातला चौकड्यांचा रुमाल काउंटरवर ठेवायचा आणि अगदी सावकाश उलगडायचा. आत पांढरा ट्रफल. मग सगळे पुढे वाकणार, डोळे मिटून वास घेणार, आणि सेत्तिमिओ छताकडे बघत उभा राहणार. विकायचा नाही कुणाला इथे. दाखवायचा, रुमाल गुंडाळायचा, द्राक्षांच्या कडक दारूचा, ग्राप्पाचा, एक पेला प्यायचा आणि जायचा. असं किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक.

त्याची आधीची कुत्री कुणीतरी मारली होती. जंगलात खिम्याचे विषारी गोळे टाकून ठेवतात काही हरामखोर, दुसऱ्याची कुत्री मरावीत म्हणून. तिने सेत्तिमिओच्या मांडीवर जीव सोडला. तेव्हापासून त्याने स्वतःची गाडी गोठ्यात झाकून ठेवली आणि तो नेनोकडे येऊ लागला. बरोबर नवीन पिल्लू, भुऱ्या कुरळ्या केसांचं, ब्रिचोला नावाचं. दर शुक्रवारी पहाटे.

"बहिणीकडे निघालोय," सेत्तिमिओ म्हणायचा.

"बहिणीला नमस्कार सांगा, काका," नेनो म्हणायचा.

बहीण केव्हाच गेली होती. तिच्या प्रेताला खांदा देणाऱ्यांत नेनो स्वतः होता. पण नमस्कार दर शुक्रवारी जायचा, आणि दुपारची घंटा व्हायच्या आत गाडी परत यायची.

शेवटची दोन-तीन वर्षं काउंटरवर येणारा ट्रफल लहान होत चालला होता. एकदा फिओरेन्झोने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. फिओरेन्झो म्हणजे सेत्तिमिओनंतरचा मोठा ट्रफलवाला, निदान स्वतःच्या मते. "काका," तो म्हणाला, "याला आपल्या डोंगराचा वास येत नाही. बाजाराचा येतो."

सेत्तिमिओने रुमाल गुंडाळला. "तुझ्या नाकात तुझ्या बायकोचं अत्तर बसलंय. ते धुऊन ये."

सगळे हसले. पण फिओरेन्झोचं बोलणं हवेत राहिलं, आणि त्या दिवशी सेत्तिमिओने ग्राप्पा अर्धाच प्यायला, हे मी पाहिलं.

नोव्हेंबरमधला तो शुक्रवार धुक्याचा होता. समोरच्या गॅरेजचं दारसुद्धा मला पुसट दिसत होतं. दुपारची घंटा झाली आणि तिच्या पाठोपाठ अर्जामावशी, सेत्तिमिओची बायको, बारमध्ये आली. पायांत घरातल्या सपाता तशाच.

"लोरेदाना, आला का गं तो?"

आला नव्हता. फोन लावावा तर तो घरीच उशीखाली. फोन आपण कुठे आहोत ते सगळ्यांना सांगतो, असं सेत्तिमिओचं मत होतं. शहरातून बचाव पथक निघालं, पण धुक्यात घाट चढायला त्यांना वेळ लागणार होता, आणि डोंगर काय लहान आहे? शोधणार कुठे?

मग बारमध्ये पुरुष जमले. जमले म्हणजे काय, लोटलेच. प्रत्येकाबरोबर कुत्रा आणि प्रत्येकाच्या पट्ट्याला ट्रफल उकरायची छोटी कुदळ. मी आयुष्यात एवढी परोपकारी मंडळी एका जागी पाहिली नव्हती. नेनो दारात उभा होता. त्याच्या गॅरेजात हॉलंडचं एक जोडपं गाडी न्यायला आलेलं होतं, त्यांना तसंच सोडून तो आला होता.

"माणूस शोधायला कुदळी कशाला?" त्याने विचारलं.

"म्हणजे... खड्ड्याबिड्ड्यात पडला असला तर," फिओरेन्झो म्हणाला. मग त्याला राग आला. "ए नेनो, शहाणपणा पुरे. तो कुठे जातो ते तुला माहीत आहे. गेली कित्येक वर्षं त्याची चाकं तू धुतोयस. बोल."

सगळे नेनोकडे बघायला लागले. कुत्रीसुद्धा. मला नेनोची मान दिसत होती, लाल झालेली. 

"बहिणीकडे," नेनो म्हणाला.

त्यानंतर जो गलका झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. कुणी त्याच्या आईला मध्ये आणलं, कुणी म्हणालं की हा माणूस नाही, कुलूप आहे. मग फिओरेन्झो ओरडला, "वरच्या कड्याकडे चला, मी त्याला एकदा तिकडे वळताना पाहिलंय," आणि सगळी वरात कुदळींसकट कड्याच्या दिशेने गेली.

मी तणतणत रस्ता ओलांडला. म्हटलं, आज याला चांगला सोलते. म्हातारा थंडीत कुठेतरी पडलाय आणि हा मूग गिळून बसलाय! माझ्यामागून अर्जामावशीही आली. गॅरेजात तो डच नवरा, योस्त, दाराएवढा उंच, गाडीत मावायचं कसं याचा विचार करत उभा होता. त्याची बायको मारिके नकाशा उघडून बसली होती. नेनो माझ्याकडे वळला आणि मी तोंड उघडायच्या आत बोलायला लागला.

"लोरेदाना, तुला इंग्रजी येतं. यांना विचार, एका म्हाताऱ्या माणसाला उचलून आणायचंय, मदत कराल का. आणि हेही विचार, की तुम्ही ट्रफल शोधता का."

मी बघतच राहिले. "तुला जागा माहीत आहे."

"त्याच्या चाकांना निळी माती असते. ती एकाच ओढ्याकाठी आहे."

"मग त्या चाळीस गाढवांना का नाही सांगितलंस?"

"ती गाढवं नाहीत, हीच तर अडचण आहे."

अर्जामावशीने त्याचा दंड धरला. "नाझ्झारेनो, जागेला लाव आग. माझा म्हातारा आण."

तिने त्याचं पूर्ण नाव घेतलं तशी नेनोची नजर खाली गेली. "आणतो, मावशी. माणसं लागतील तेवढी नेतो, त्याहून एक जास्त नाही. पण आज त्याला घरी आणलं आणि जागा अख्ख्या गावाची झाली, तर तो किती दिवस काढेल? तुम्हीच सांगा."

 अर्जामावशीने माझ्या कमरेचा एप्रन सोडवून घेतला. "जा. मी बारमधल्या फोनपाशी बसते. कुणी विचारलं तर पाहुण्यांना रस्ता दाखवायला गेलात."

मी डच जोडप्याला विचारलं; मदतीला हो म्हणाले, ट्रफलला नाही. अर्जामावशी म्हणाली ते खोटंही वाटलं नसतं. नवीन गिऱ्हाइकाबरोबर पहिल्या वळणांपर्यंत नेनो नेहमीच गाडीत बसून जातो. आंधळ्या वळणावर भोंगा कधी वाजवायचा, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे कोणी जायचं, हे तो पाहुण्यांना हातवारे करून शिकवतो. त्यामुळे चौकातून आमची गाडी गेली तेव्हा बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मानही वर केली नाही. योस्त गाडी चालवत होता, गुडघे कानाशी. मारिके पुढे, नेनो आणि मी मागे.

योस्त सज्जन माणूस. इतका सज्जन की धुक्यात, रिकाम्या रस्त्यावर, प्रत्येक पाटीपाशी तो गाडी पूर्ण थांबवायचा, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा. मग हळूच निघायचा. नेनोच्या मुठी वळत होत्या. शेवटी त्याच्या तोंडून शब्द फुटला.

"साहेब, भोंगा वाजवा आणि घुसा! म्हातारा मरेल!"

मी ते भाषांतर केलं. मारिकेने योस्तला डच भाषेत काहीतरी सुनावलं, ते बहुतेक माझ्याहून चांगलं भाषांतर होतं, कारण त्यानंतर योस्तने गाडी अशी हाणली की मला माझी आई आठवली.

डांबरी रस्ता संपला, पांढरा मातीचा सुरू झाला. एका पडक्या पाणचक्कीपाशी तोही संपला. आणि तिथे उभी होती दुसरी राखाडी पांडा, टपावर ओली पानं. नेनो गाडी थांबायच्या आत उतरला आणि ओढ्याच्या कडेने पळत सुटला. मी त्याला पळताना पहिल्यांदाच पाहिलं. "काका! सेत्तिमिओकाका!"

उत्तर आलं ते खालून. "ओरडू नकोस, मूर्खा. लोक ऐकतील."

तो उताराच्या पायथ्याशी पडला होता, एक पाय नको तिकडे वळलेला, ओठ निळे. छातीवर ब्रिचोला बसली होती, त्याच्या जाकिटात गुंडाळलेली. तिने आमच्याकडे मान वळवली, पण भलतीकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की तिचे डोळे गेलेत. भुंकलीही नाही. वर्षानुवर्षं ती माझ्या बारमध्ये काउंटरखाली बसायची, पण म्हातारी कुत्री कुणी निरखून बघतं का?

मी त्याच्याजवळ बसले आणि आजूबाजूला पाहिलं. मी ट्रफल शोधत नाही, पण माझा बाप शोधायचा. झाडाशिवाय ट्रफल नाही, एवढं मला कळतं. आणि तिथे झाड नव्हतं. वरचा डोंगर कधीतरी घसरून खाली आला होता आणि त्याने पॉप्लरची, ओकची सगळी राई पोटात घेतली होती. होती ती नुसती निळी, चिकट माती आणि तिच्यातून वर आलेली दोन-चार वाळकी मुळं.

नेनोही पाहत होता. सेत्तिमिओने आमच्या दोघांचे चेहरे पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "मोठ्या पावसाच्या साली गेली सगळी. काही नाही इथे. नुसता चिखल आहे."

"मग तुम्ही कशाला येता, काका?" मी विचारलं.

त्याच्या मुठीत तो चौकड्यांचा रुमाल होता. नेनोने तो सोडवून घेतला. आत ट्रफलचा एक तुकडा होता, हेझलनटपेक्षा मोठा नसेल, वाळत आलेला. नेनोने नाकाला हात लावला नाही. एवढासा तो, त्याला वास तरी काय येणार?

"तो पुरून ठेव पहिला," सेत्तिमिओ म्हणाला. "आज तिला सापडला नाही अजून."

"काय?"

"तिला वास येत नाही आता. डोळे गेले, मग नाकही गेलं. घरी खात नाही, कोपऱ्यात तोंड घालून पडून राहते. इथे आणलं की शेपूट हलवते. मी तिच्या पायाशी हा पुरतो, अगदी पायाशी, आणि म्हणतो, शोध. ती उकरते. सापडला की अशी मान वर करते..." त्याने जाकिटाची कड तिच्या पाठीवर ओढली.  "मग दुपारी घरी पोटभर जेवते. आज पुरताना माझाच पाय घसरला."

मारिके माझ्याकडे बघत होती. मी तिला इंग्रजीत काही सांगितलं नाही, सांगायला जमलंच नसतं. पण ती गुडघ्यांवर बसली आणि तिने ब्रिचोलाच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे भरलेले होते तिचे. भाषा न कळताही तिला सगळं कळलं होतं.

नेनोने रुमालातला तुकडा घेतला. ब्रिचोलाला अलगद खाली ठेवलं. तिच्या पुढच्या पंजाशी माती उकरली आणि तुकडा आत दाबला. "शोध," तो म्हणाला. ती हलेना. तेव्हा सेत्तिमिओ पडल्या पडल्या म्हणाला, "शोध, बाळ." आणि तिने उकरायला सुरुवात केली. पाय मोडलेला माणूस, निळा पडलेला, आणि आम्ही चौघं त्या कुत्रीच्या पंजांकडे बघत उभे. तुकडा वर आला. तिने मान वर केली.

"आता उचला मला," सेत्तिमिओ म्हणाला.

योस्तने त्याला जवळजवळ एकट्यानेच उचललं, आम्ही पाय सावरला. मागची सीट पाडून त्याला ब्लँकेटवर आडवं केलं. डांबरी फाट्यावर फोन लागत होता. रुग्णवाहिका तिथे बोलावली. ती यायची होती तोवर सेत्तिमिओने नेनोचं मनगट धरून ठेवलं.

"हे दोघं काय करतात?"

"फिरायला आलेत. उद्या समुद्राकडे जाणार."

"आणि ही?" म्हणजे मी.

"मी कॉफी करते, काका," मी म्हटलं. "आणि तोंड बंद ठेवते."

"तू?" म्हातारा त्या अवस्थेत हसला. "नेनो, जागा कळली तर कळू दे. पण तिथे काही नाही हे कुणाला कळता कामा नये. मी शहराच्या बाजारातून आणून त्या काउंटरवर ठेवत होतो रे. फिओरेन्झोला वास आला होता. माझ्यामागे हसतील ते. अर्जाला हसतील."

नेनोने मान डोलावली. रुग्णवाहिका गेली. मग पाणचक्कीपाशी राहिलेली गाडीही आणून त्याने दोन्ही गाड्या खालच्या उतारावर नेल्या, तिथे ओढा रस्त्यावरूनच वाहतो, आणि त्या बर्फासारख्या पाण्यात बाह्या वर करून दोन्ही गाड्यांची चाकं हातांनी धुतली. खाचा खाचा. बोटं लाल झाली. निळ्या मातीचा कण उरला नाही, तेव्हाच आम्ही गावात शिरलो.

संध्याकाळी बार भरला होता. कड्यावरून सगळे उपाशी आणि चिडलेले परत आले होते. म्हातारा वाचला, मांडीचं हाड मोडलंय, हे कळल्यावर सगळ्यांनी एक एक ग्लास घेतला आणि मग सगळ्यांच्या नजरा नेनोवर गेल्या. तो त्याच्या नेहमीच्या जागी, दाराजवळ, कॉफी घेऊन उभा.

"जागा सांगू नकोस," फिओरेन्झो म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही. "तुझा धर्म तो, मान्य. पण एवढंच सांग. काही आहे का तिथे? की म्हातारा इतकी वर्षं नुसता रुमाल झाडत होता?"

मी कप पुसत होते, ते पुसतच राहिले. मला ठाऊक होतं, नेनो काही बोलणार नाही. आणि न बोलणं म्हणजे या वेळी सगळं बोलणंच होतं. गप्प बसला असता तर फिओरेन्झो समजायचं ते समजला असता. अर्जामावशी काउंटरच्या कोपऱ्यात, अजून माझाच एप्रन बांधून बसली होती.

नेनोने कप खाली ठेवला.

"मला गाडीपाशी उभं राहवेना," तो म्हणाला. "दोनदा ओकलो."

असं काही झालं नव्हतं. पण ज्या माणसाने कधी कुणाबद्दल शब्द काढला नाही, त्याने तो काढला होता. आणि ट्रफलने मळमळणारं गावातलं एकमेव नाक त्याचं. फिओरेन्झोने काहीही म्हणायच्या आधी टोपी काढली. मग बाकीच्यांनी काढल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "दोनदा!" आणि कुणीतरी अर्जामावशीपुढे वाइनचा ग्लास ठेवला. मी आत गेले आणि नळ सोडून रडले, कारण मला दुसऱ्यांदेखत रडायला आवडत नाही.

फिओरेन्झो दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन आला. म्हणे सेत्तिमिओच्या पलंगाशी उभा राहून म्हणाला, "काका, बाजाराचं बोललो ते मागे घेतो." सेत्तिमिओ छताकडे बघत होता.

आता सेत्तिमिओ नाही, ब्रिचोला नाही. म्हणून हे लिहायला हरकत नाही. फिओरेन्झो आहे, पण तो वाचत नाही, नुसतं हुंगतो. तरी गावाचं नाव सांगणार नाही म्हणजे नाही.

पुढचा मोसम सेत्तिमिओने खिडकीत, खुर्चीवर बसून पाहिला. चालणं संपलं होतं. ब्रिचोला त्याच्या पायाशी पडून असायची, तोंड भिंतीकडे. अर्जामावशी सांगायची, दुधात भिजवलेला पावही खात नाही. एका गुरुवारी नेनो बारमध्ये आला. दाराजवळ थांबला नाही, सरळ फिओरेन्झोच्या टेबलापाशी गेला.

"एक ट्रफल दे. सगळ्यांत लहान."

सगळ्या बारने माना वळवल्या. "तुला?" फिओरेन्झो म्हणाला. "नाकाला चिमटा लावून खाणार का?"

"ऑम्लेटमध्ये घालणार."

"अरे, तू त्या वासानेच मरशील!"

"मग तुम्ही सुटाल," नेनो म्हणाला आणि तो तुकडा तीन रुमालांत गुंडाळून, हात अंगापासून लांब धरून घेऊन गेला. पोरं पोट धरून हसली.

शुक्रवारी सकाळी गॅरेज बंद होतं. मी बघितलं तर राखाडी पांडा चौकातून निघाली होती, नेनो चालवत होता, आणि शेजारच्या सीटवर घोंगडीत ब्रिचोला. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठे रे?"

"बहिणीकडे," नेनो म्हणाला. त्याला बहीण नाही.

दुपारच्या घंटेआधी तो परत आला. गाडी धुतलेली होती, चकचकीत. कुत्रीचं नाक मात्र धुतलं नव्हतं. मी अर्जामावशीकडे पाव पोचवायला गेले होते, म्हणून हे पाहिलं. नेनो ब्रिचोलाला दोन्ही हातांत घेऊन जिना चढून वर आला आणि त्याने तिला खुर्चीतल्या सेत्तिमिओच्या मांडीवर ठेवलं. तिच्या नाकावर निळी माती वाळलेली होती. शेपूट हलत होती.

सेत्तिमिओने अंगठ्याने ती माती चोळून पाहिली.  मग त्याने वर बघितलं. "केवढा सापडला?"

"अक्रोडाएवढा," नेनो म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. त्या वासात अर्धा दिवस काढला होता त्याने.

सेत्तिमिओने कुत्रीच्या डोक्यावर हनुवटी टेकली. त्याचे खांदे हलत होते.

"फिओरेन्झोला सांगू नकोस," तो म्हणाला.